मानशीवरचा माणूस

पाऊण, दीड, सव्वादोन, तीन.
बेचा पाढा यायच्या आधी
आम्हा तिघा भावंडांना पाऊणकी येत होती.
तिथीची पाऊणपट केली की
भरती पुरी व्हायची वेळ निघते, एवढंच गणित
बाबांच्या लेखी उपयोगाचं. बाकी
शाळेवर सोडलेलं.

चोडणच्या खाजनाला सहा दारांची मानस.
भरती फुगली की दारं आपोआप मिटतात,
पाणी फिरलं की आपोआप उघडतात.
लहानपणी मी विचारलं होतं,
सगळं आपोआप, मग तुम्ही काय करता?
दाराच्या फटीत पेंढा आणि चिखल चेपत
ते म्हणाले, बघतो.

आयुष्यभर झोप दोन तुकड्यांत घेतली त्यांनी.
दुपारी आम्ही घरात चोरपावलांनी चालायचो,
आई भांडी मागीलदारी नेऊन घासायची.
रात्री कधीतरी कडी वाजायची,
मग सायकल, मग काहीच नाही.
सकाळी न्हाणीच्या दाराशी चिखलाचे पाय
आणि परातीत शेवटे, काळुंद्रं,
आईच्या मर्जीची कोलंबी वेगळ्या वाटीत.

बांधाला खांड पडली त्या रात्री
धाकटी जन्मली.
बाबा गळ्यापर्यंत पाण्यात, वाळूची पोती लावत होते,
कायतानने बांधावरून ओरडून सांगितलं, चली जाल्या!
त्यांनी पोतं न सोडता विचारलं,
आणि ती? तिची आई?
धाकटीला घरात अजून खांड म्हणतात.
सासरी कुणाला कारण माहीत नाही.

माझ्या लग्नाचा मुहूर्त भटजींनी काढला,
बाबांनी मनात पाऊणकी करून पाहिली, मान हलवली,
म्हणाले, चालेल, तेव्हा मी मोकळा असेन.
कन्यादानाला बसले तेव्हा
नखांत खाजनाचा काळा चिखल होता,
घासून घासून बोटं लाल झालेली.
मी हात धरला आणि तो वास आला.
आजही पणजीला फेरीतून उतरताना
ओहोटीचा वास आला की
मला कुणीतरी सांभाळून देतंय असं वाटतं.

सगळं गोड नव्हतं.
रागावले की दोन दोन दिवस बोलायचे नाहीत.
भावाने बोटीवरची नोकरी धरली तेव्हा
चार महिने त्याचं पत्र उघडलं नाही त्यांनी,
आणि उघडलं तेव्हा पहिला प्रश्न हा
की तिथल्या समुद्राला उधाण कधी येतं.
भावाने खरंच विचारून कळवलं.
त्यानंतर दर पत्राच्या कोपऱ्यात
बाप-लेक एकमेकांना भरतीच्या वेळा लिहीत.
खुशाली आईच्या वाट्याला.

शुद्ध तृतीयेला गेले. दुपारच्या झोपेत,
पहिल्या तुकड्यात.
स्मशानात कायतान इस्त्रीच्या शर्टात आला,
हातात रबरी बूट, म्हणजे इथून तो
थेट मानशीवर जाणार होता.
चितेजवळ वाकून हळू म्हणाला,
सगुण, आतां न्हीद रे, एका दमान.

उशाशी त्यांचं गजराचं घड्याळ.
तीन पाऊण सव्वादोन.
रोज ते काटा पुढे सरकवायचे, त्या दिवशी
राहिला तो राहिला.
सव्वादोनला वाजतं, दुपारी आणि रात्री,
घर जागं होतं, कुणी उठून बंद करत नाही,
ते आपणच दमतं.
बाहेर चंद्र वाढत गेला,
भरती कुठच्या कुठे पुढे गेली,
घड्याळ अजून तृतीयेला आहे.

तेराव्याला पौर्णिमा आली.
पाहुणे गेले. उरलेल्या कोरगुटाची पेज
आईने झाकून ठेवली आणि कुणालाच न सांगता
चुलीमागचा टॉर्च काढला.
पंधरा पाऊण सव्वाअकरा, ती म्हणाली.
इतकी वर्षं आम्हाला वाटत होतं
हा पाढा तिला येत नाही.

आम्ही चौघं बांधावर बसलो.
पाणी दारांना रेलून उभं होतं, काठोकाठ,
चंद्र त्यात, खेकड्यांची खुडबुड.
मग कुणी न सांगता ते फिरलं.
पहिलं दार करकरलं, दुसरं,
तिसऱ्याला करंजेल द्यायला हवं होतं.

कुणी काही केलं नाही.
आम्ही बघत होतो.